भर दुपारची मेणबत्ती

सून घरात मेणबत्त्यांचा धंदा करणार म्हटल्यावर आप्पासाहेबांनी आधी कपाळाला हात लावला, मग भिंतीला पाठ लावली आणि शेवटी कडुबाला फोन लावला.

कडुबा त्यांचा लांबचा मेव्हणा, पाण्याचे जार विकून गब्बर झालेला. २०१६चा उन्हाळा होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर आलं. आणि इकडं बीड बायपासच्या मागं, देवळाईत, रोज एक नवं घर उभं राहत होतं. अशा दिवसांत जारवाल्याचा रुबाब काय विचारता! कडुबाला जार भरायला जागा हवी होती आणि आप्पासाहेबांच्या अंगणात पत्र्याचं ऐसपैस शेड होतं. अडचण एवढीच, की त्या शेडमध्ये प्रेरणानं मेणाच्या लाद्या रचून ठेवल्या होत्या. नवरा गोकुळ वाळूजला कंपनीत जायचा आणि तो गेला की ही बाई पातेलं, साचे, सुताच्या वाती घेऊन शेडमध्ये शिरायची. तिनं लग्नाआधी दोन वर्षं सायन्स केलं होतं. ते अर्धं राहिल्याची खंत तिच्या मनातून कधी गेली नव्हती, आणि हे शेड म्हणजे तिचं राहिलेलं कॉलेजच होतं म्हणा ना.

"हे मेण मधमाशीचं नाय व्हय?" आप्पासाहेबांनी पहिल्याच दिवशी उलटतपासणी घेतली.

"नाय मामा. हे जमिनीतल्या तेलातून निघतं. पॅराफिन. पेट्रोल, रॉकेल, मेण, सगळी एका घरातली भावंडं. कार्बनची साखळी आखूड असली की पेट्रोल, जरा लांबली की रॉकेल, लईच लांबली की मेण. आन् स्वभावानं एकदम गरीब. ॲसिड टाका, पाणी टाका, कुणाशी भांडण नाय."

"कुणाशी भांडत नाय त्याचा धंदा कसा व्हायचा?" आप्पासाहेब म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन बाहेर जाऊन बसले.

पहिला खोका उस्मानपुऱ्यातल्या श्रीधरपंतांच्या दुकानात गेला. दोन दिवसांत पंतांचा फोन. "वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या मेणबत्त्या एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्या आहेत. गिऱ्हाइकाला सुटी एक काढून देता येईना."

खोका परत आला. आप्पासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "अगं, ह्या तर दुपारच्या झोपल्यात!" असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. सगळ्या मेणबत्त्या एकाच बाजूला वाकल्या होत्या. शेंडे खाली, कमरेत मोडलेल्या. पाचोडची त्यांची मोसंबीची बाग २०१३च्या दुष्काळात अशीच गेली होती. आधी पानं वळली, मग फांद्या झुकल्या, आणि एक दिवस त्यांनी स्वतःच्या हातानं कुऱ्हाड घातली. त्यानंतरच ते बिऱ्हाड उचलून पोराकडं शहरात आले. उन्हानं मान टाकलेलं काहीही दारात पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती. पण हे सुनेला सांगायचं कसं? मग त्यांनी नेहमीचा मार्ग धरला, म्हणजे आवाज चढवला.

"बास झालं! कडुबा शेड मागतोय. ह्या अमावस्येपर्यंत तुझी मेणबत्ती भर दुपारी, बारा ते तीन, फाटकाच्या भिंतीवर सरळ उभी ऱ्हायली तर शेड तुझं. वाकली तर सामान आवरायचं. मंजूर?"

"मंजूर," प्रेरणा म्हणाली. तिची मान ताठ होती.

मंजूर म्हणणं सोपं होतं हो, पण मेण ऐकेल तेव्हा ना! तिनं वात बदलली, मेणबत्ती जाड केली, साचे जास्त वेळ टबात बुडवून ठेवले. तेवढ्यासाठी आंघोळीच्या पाण्यात काटकसर केली, म्हणून घरात कुरबुर झाली ती वेगळीच. मेणबत्ती बाराला उभी आणि साडेबाराला वाकलेली. खोट मेणातच होती. स्वस्त म्हणून घेतलेल्या पिवळट लाद्या. हात लावला की बोटं तेलकट व्हायची, नाकाशी धरलं की रॉकेलचा वास. तेल पुरतं काढलेलंच नव्हतं. चांगलं मेण घ्यायला पैसे नव्हते, आणि आहे त्यातलं तेल काढायचं कसं हे तिला सुचत नव्हतं. ती शेडच्या पायरीवर हनुवटीला हात लावून बसायला लागली. सासूबाई, द्वारकाबाई, नवऱ्याकडं डोळे वटारून बघत. आप्पासाहेब आभाळाकडं बघत.

अशात पाचोडला पुतणीचं लग्न निघालं. निघायच्या सकाळी कडुबाचा निरोप आला, की तो मागून येऊन खिडकीच्या काचेतून जागा बघून जाणार आहे. आता शेड भरलेलं दिसलं तर हा गडी दुसरीकडं जागा बघणार! आप्पासाहेबांनी घाईघाईनं सगळ्या लाद्या कोपऱ्यातल्या जुन्या सुतळीच्या बाजेवर पसरल्या, वर गोणपाट टाकलं, खिडकी आणि दार घट्ट लावलं आणि धोतर झटकत जीपमध्ये जाऊन बसले.

लग्न, वरात, सत्यनारायण, पाहुण्यांचं "राहा की अजून" असं करत चांगले चार-पाच दिवस मोडले. परत आल्यावर प्रेरणानं शेडचं दार उघडलं तर आतून धगीचा आणि रॉकेलच्या वासाचा भपकाच आला. बाजेखाली फरशीवर पिवळं तेल पसरलं होतं.

"आई गं!" ती जागीच थिजली. "कुणी ठेवलं हे इथं?"

आप्पासाहेब दारातून पुढं झाले. पैज जिंकायची तर सरळ जिंकायची. सुनेचा माल नासवून जिंकणारे ते नव्हते. "म्या ठेवलं पोरी," ते खालच्या मानेनं म्हणाले. "कडुबाला जागा मोकळी दिसावी म्हणून. लई मोठी चूक झाली. तुझं नुकसान म्या भरून देईन."

प्रेरणा बाजेपाशी गेली. तिनं गोणपाट काढलं. लाद्या बारीक झाल्या होत्या, अंगावर सुतळीचे वळ, पण पिवळेपणा गेला होता. तिनं एक तुकडा मोडला, नखानं खरवडला, बोटं एकमेकांवर घासली. कोरडी! मग ती अशी काही हसत सुटली की द्वारकाबाईंना वाटलं, उन्हानं पोरीचं डोकं फिरलं.

"मामा, हे काम कंपनीवाले मोठाल्या खोल्यांत करायचे! मेणाला हळूहळू ऊब देत न्यायची. तेल आन् मऊ मेण आधी पाझरून जातं, कडक तेवढं मागं राहतं. मेणाला घाम आणणं म्हणतात त्याला. आपल्या पत्र्यानं फुकटात आणला की! एवढं वाचलेलं, पण माझ्या डोक्यातच आलं नाय बघा."

"म्हंजी म्या तुझंच काम केलं?"

"व्हय."

"शाबास," द्वारकाबाई म्हणाल्या. "लावा आता कडुबाला फोन."

मग काय, दुसऱ्या दिवशी मेण वितळलं, फडक्यातून गाळलं, साच्यात ओतलं. गळालेलं तेल गोकुळनं फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं आणि त्यांची जुनी करकर थांबली. अमावस्येच्या दिवशी बाराच्या ठोक्याला प्रेरणानं भिंतीवर एक पांढरी मेणबत्ती उभी केली. पंच म्हणून कडुबा डोक्याला रुमाल गुंडाळून हजर होताच.

ऊन असं, की कुत्रंही गटारातून बाहेर यायला तयार नाही. एक वाजला. मेणबत्ती सरळ. कडुबानं दोनदा घड्याळ पाहिलं, मग सावलीत जाऊन सरबत मागितलं. आप्पासाहेब मात्र भिंतीपाशीच घुटमळत होते. दोन वाजता मेणबत्तीच्या अंगावर ओलसर चकाकी आली. ते एक पाऊल पुढं सरले, मग अजून एक.

"ओ दाजी!" कडुबा सरबताचा पेला हातात घेऊन ओरडला. "ही काय बेइमानी? सरळ सावली धरताय की तिच्यावर!"

आप्पासाहेबांनी खाली पाहिलं. खरंच की. त्यांची सावली बरोब्बर मेणबत्तीवर पडली होती. आपण इथं येऊन कधी उभे राहिलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. बाजूला व्हायला हवं होतं, पण पाय उचलेनात.

"सरका मामा," प्रेरणा जवळ येऊन म्हणाली.

"वाकंल गं ती. ऊन लई हाय."

"नाय वाकणार. तुम्हीच तर तिचं तेल काढलंय."

तिनं त्यांचा हात धरून त्यांना दोन पावलं बाजूला आणलं. ऊन भसकन मेणबत्तीवर पडलं. आप्पासाहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि सुनेचा हात काही सोडला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "हाय का उभी?"

"तुम्हीच बघा."

त्यांनी डोळे उघडले. मेणबत्ती ताठ उभी होती. तीन वाजायला अजून अवकाश होता, पण आप्पासाहेब तिथूनच ओरडले, "कडुबा! सरबत संपव आन् घरी जा. हे शेड माझ्या सुनेचं हाय!"