जावयाचे कान

जावई रॉक बँडमध्ये ड्रम बडवायचा, तेव्हा सासूबाईंना तो निदान कळत तरी होता. बडवणारा माणूस कुठे आहे ते चार घरं पलीकडेही समजतं. आता तो सिनेमांना आणि मालिकांना संगीत द्यायचा, तेही कसलं, तर ना चाल ना ठेका, नुसता धुक्यासारखा आवाज. दिवसभर मागच्या खोलीत दार लावून बसायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाईंना वाटे, पाणी कुठेतरी मुरतंय.

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, त्याचं कामच तसं आहे. मग एका दुपारी त्यांना जाग आली, तर जावई दारात अगदी चोरपावलांनी आलेला, हातात लांबुडका माईक. त्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हापासून दुपारची झोप उडालीच. बहिणीशी फोनवर बोलतानाही त्या आवाज खाली आणू लागल्या.

त्याच आठवड्यात त्याची भुताची मालिका लागली. पडद्यावर रिकामा जिना, आणि मागून कुणीतरी श्वास घेत होतं. मध्येच बारीक शीळ. लेक हसून म्हणाली, अगदी आईच्या घोरण्यासारखं. जावई हसला नाही. चहाचे कप उचलून आत गेला. सासूबाईंचं डोकं सणकलं. काठी टेकत त्या त्याच्यामागे गेल्या.

"माझं घोरणं विकलंत?"

त्याने नाकारलं नाही. विचारायला हवं होतं, म्हणाला. मग अडखळला. "पण आई, तुमचा श्वास मध्येच थांबतो. मी मात्रा मोजत होतो, तर पुढची येईचना. त्या दिवशी खात्री करायला आलो होतो."

पकडलं गेल्यावर सुचलेली थाप, त्यांना वाटलं. त्याने मूळ रेकॉर्डिंग लावलं. श्वास, श्वास, मग काहीच नाही. ऐकता ऐकता त्यांनी स्वतःच दम रोखून धरला. मग एकदम खोल धाप.

डॉक्टरांनी तपासणी करून झोपताना लावायचं मशीन दिलं. वेळेवर आलात, म्हणाले. लेकीला रडू फुटलं. परतताना गाडीत सासूबाई जावयाकडे वळल्या.

"कळलं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "भाग लागेपर्यंत थांबलो. तुम्ही तो आवाज मालिकेतून काढून टाकायला लावला असता."

"वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीची काच खाली केली.