डावखुऱ्या गिटारीच्या पोटातली घाण

मित्रांनो, मी एक जुनी, डावखुरी गिटार आहे. तोंडात घास असेल तर आधी गिळून टाका, कारण माझी कहाणी स्वच्छ नाही.

मला बनवणाऱ्या बाई जनावरांच्या कातड्याचा सरस गरम करून माझे सांधे जोडत. त्याचा वास असा, की माझा जन्म मळमळतच झाला. बाईंचे हात मात्र गुणी. ओल्या पातळ फळ्या तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवून त्यांनी माझी कंबर घडवली. वरची फळी बोटाने ठोकून त्या ऐकत, जराशी तासत, पुन्हा ऐकत.

मला बनवून घेतले ते एका बेकरीवाल्याने. तो डावखुरा होता आणि भट्टीत भाजल्यामुळे त्याच्या उजव्या हाताचे एक बोट वाकडे झाले होते. दुकानातली कुठलीच गिटार त्याला नीट धरता येईना.

"बाई, या बोटाचं काही जमेल का हो?"

"बोट सरळ करता येणार नाही. मान तुमच्या बोटाला जमेल अशी करू," बाई म्हणाल्या. त्याचा हात पुन्हा पुन्हा ठेवून पाहत त्यांनी माझी मान तासली.

दुपारी पाव विकून झाले की तो मला मांडीवर घेई. त्याची लेक मैद्याच्या पोत्यावर बसून गात असे. फार गोड दिवस होते ते.

मग बेकरीवाला वारला. त्याच्या मेहुण्याने मला "भाऊजींची आठवण" म्हणून नेले आणि आपल्या खाणावळीच्या भिंतीवर खिळ्याला टांगले. तिथून माझे हाल सुरू झाले. तळणीचा धूर अंगावर बसून मी चिकट झाले. त्यावर माश्या बसल्या, तिथेच मेल्या. गिऱ्हाइके माझ्या पोटात विड्यांची थोटके टाकत, चघळलेली हाडे टाकत. एका गृहस्थाने दातांतून काढलेला मांसाचा तुकडा माझ्या तारेला पुसला. सगळे हसले. मेहुणाही हसला. झुरळांपेक्षा मला त्या हसण्याची शिसारी आली.

एकदा लेक मामाला भेटायला आली. तिच्यासमोरच कोणीतरी माझ्या पोटात थुंकले. तिने मला खाली उतरवले.

"मामा, मी ही नेते."

"ने बाई. तशीही वास मारायला लागलीय."

ती मला थेट बाईंकडे घेऊन आली. बाईंनी आत दिवा धरला आणि तोंड फिरवले.

"झुरळांनी संसार थाटलाय यात. पाठ उघडावी लागेल. तू बाहेर बस."

लेक बसली नाही. पाठ उघडली तशी ती धावत मोरीत गेली, भडाभडा ओकली, तोंड धुतले आणि परत येऊन ब्रश हातात घेतला. दोघी नाकाला फडके बांधून मला खरवडत राहिल्या. मला स्वतःचीच किळस येत होती. त्या मात्र थांबल्या नाहीत.

मी पुन्हा उभी राहिल्याचे कळताच मामा हजर.

"वा, चकाचक केलीत की. आणा, जागेवर लावतो."

"मामा, त्या खिळ्याला तुमचा फोटो लावा," लेक म्हणाली. "हाडं कुठं टाकायची ते लोकांना माहीतच आहे."

मामा कान पाडून निघून गेला.

मित्रांनो, घरात एखादे वाद्य मुके पडले असेल तर ते वाजवणाऱ्याला द्या. तसे कोणी भेटेपर्यंत कापडात गुंडाळून ठेवा. पण शोभेसाठी टांगू नका. टांगलेल्या वस्तूला जीव असतो, हे लोक लवकर विसरतात.

लेक डावखुरी नाही. बिचारी उलट्या हाताने शिकते आहे आणि अजून बेसूरच वाजवते. हवा दमट झाली की माझ्या पोटातून खरकट्याचा वास येतो. मग ती नाक मुरडते, उठून खिडकी उघडते आणि पुन्हा मला मांडीवर घेते.