तेरापर्यंत मोजणारा लॅपटॉप

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्या सकाळी सगळं मिळत होतं; फक्त वैजयंतीच्या लॅपटॉपला वायफाय मिळत नव्हतं. अकरा वाजता पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत. आता दहा झाले होते. मोबाईल काल हौदात पडला होता आणि तांदळाच्या डब्यात तपश्चर्येला बसला होता.

राऊटर बाजाराला लागून असलेल्या तिच्या घरातच होता, देव्हाऱ्याशेजारी. दसऱ्याला बसवला तेव्हा तिच्या आजोबांनी, नानाजींनी, त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता, वर लिंबू-मिरची बांधली होती. बसवणाऱ्या मुन्नाने आजूबाजूच्या दुकानांच्या वायफायची गर्दी पाहून त्याला मोकळ्या तेराव्या चॅनेलवर टाकलं होतं. मामाने अमेरिकेतून पाठवलेला लॅपटॉप मात्र परवाच आलेला. तिकडे वायफायला अकराच चॅनेल; अकराव्यापुढेही जग आहे, हे त्याला कबूलच नव्हतं.

"नानाजी, राऊटरचं एक सेटिंग बदलू द्या. दोन मिनिटाचं काम हाय."

"बसवलेला देव हालवतेत काय वं?"

"देव कायचा, डबा हाय तो."

"वेशीवरचा मारुतीबी गोटाच हाय. हालवून पाह्य त्याले."

राऊटर हलणार नाही म्हटल्यावर अमेरिकाच हलवावी लागणार होती.

वायफाय चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड तिने कालच वाशीमच्या कॉलेजातून पेनड्राइव्हवर भरून आणला होता. तो उघडला. भारतात तेरावा चॅनेल रीतसर चालतो. फक्त लॅपटॉपला कोणी कळवलं नव्हतं. तिने अकराचे तेरा केले, सॉफ्टवेअर नव्याने बांधलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही.

"काय करून राह्यली?" नानाजी डोकावले.

"याले तेरापर्यंत मोजाले शिकवून राह्यली."

"एवढा महागाचा, अन् अकरापर्यंतच येते त्याले?"

"तिकडं तेवढंच शिकवतेत."

"मी चवथी नापास हाव," नानाजी म्हणाले. "मले शंभरपर्यंत येते."

साडेदहाला तिला चोर सापडला. सॉफ्टवेअर सुरू होताना वायफायच्या कार्डाला विचारत होतं, देश कोणता? कार्ड इमानदारीने सांगत होतं, अमेरिका. तिने ती विचारपूसच काढून टाकली आणि खाली लिहिलं, देश भारत. दहा सत्तावन्नला वायफायच्या यादीत घरच्या राऊटरचं नाव उगवलं: 'नानाजी प्रसन्न'.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "अलीकडे काय केलंत?"

"आत्ताच केलंय," म्हणून तिने सगळं सांगितलं.

"पण राऊटरचाच चॅनेल का नाही बदलला?"

वैजयंतीने मागे पाहिलं. नानाजी कोरी टोपी घालून उभे होते.

"तो बसवलेला आहे, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडेही एक जुना सर्व्हर आहे. दहा वर्षांत त्याला हात लावायची कोणाची छाती झालेली नाही. तो न हलवता त्याच्याकडून काम करून घेईल असं माणूस आम्ही शोधतोय. सोमवारपासून याल?"

तासाभरात बाजारातल्या प्रत्येक पालावर बातमी पोचली: अमेरिकेच्या यंत्राले नानाजीच्या नातीनं मोजणं शिकवलं. एका कांदेवाल्याने विचारलं, शिकवणी लावते काय.

नानाजी बाजारातून परतले ते नारळ घेऊन. त्यांनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, झाकणावर लिंबू-मिरची बांधली आणि लांबून पाहिलं. पुढ्यात बसलेल्या नातीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तेवढ्यात पडद्यावर सूचना आली: नवीन सॉफ्टवेअर आलं आहे, जुनं बदलायचं का?

वैजयंतीने 'नाही' दाबलं. लॅपटॉप आता बसवलेला होता.