खातं बंद, तर गोळी

त्या गुरुवारी सुषमा सुरतेतल्या डिंडोलीला आईकडे गेली, तेव्हा भिंतीपलीकडचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना, जोरात चालू होतं. फळीवरची भांडी थरथरत होती. धुरपदाबाई खाली बसून वाकड्या बोटांनी मेथी निवडत होती. सांध्यांच्या दुखण्याने तिची बोटं तीन वर्षांत बोरीच्या काट्यांसारखी वळली होती. ह्या नव्या पिवळ्या गोळीने मात्र चार महिन्यांत तिला पाटा उचलता यायला लागला होता.

"माय, गोळी?" सुषमाने विचारलं.

"खातं बंद, तं गोयी. खातं चालू, तं गोयी नही." धुरपदाबाईने मान वर न करता म्हटलं. "पाठ व्हई गयं माले. तू तुन्या पोरीसले शिकाड."

सुषमा हसली. ती नर्सिंगच्या मुलींना औषध देणं शिकवायची. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर विष. धुरपदाबाईला वाचता येत नव्हतं, वारही लक्षात राहत नसत. पहिल्या महिन्यात तिने शुक्रवारची गोळी दोनदा चुकवली. चाळीस वर्षं मागाच्या आवाजाशेजारी काढलेल्या बाईला आठवडा एकाच खुणेने कळायचा: शुक्रवारी खातं बंद पडायचं आणि गल्लीत शांतता व्हायची. म्हणून सुषमानेच ही युक्ती काढली होती. तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता.

निघताना आईने मेथीची अर्धी जुडी तिच्या पिशवीत कोंबली. "कारीगर गावले चालनात. आते वीस दिन शांती."

"बरं झालं," सुषमा म्हणाली, "जरा झोप तरी लागेल तुला."

दुसऱ्या दिवशी ती दिवाळीला सासरी, शिरपूरला गेली. सुरतेत दिवाळीचं वेकेशन सुरू झालं. खातं बंद पडलं, ते बंदच राहिलं.

आठव्या दिवशी आईचा फोन आला. "तोंड जयस वं बाई."

"फराळ तिखट केला असशील. ताक पी," सुषमा म्हणाली.

अकराव्या दिवशी भाऊ हेमराजने आईला दवाखान्यात नेलं. सुषमा पोचली तेव्हा आईचे ओठ सोलले होते आणि अंगात ताप फणफणत होता. तिने उशाजवळच्या पिशवीतली पाकिटं काढून रिकामी घरं मोजली, पुन्हा मोजली. वेकेशनचा एकही दिवस आईने चुकवला नव्हता.

"गोळी कशी घ्यायची, हे ह्यांना कोणी समजावलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अहो, अडाणी बाई," हेमराजच बोलला. "माझी बहीण ह्याच लाइनमधली, हजारदा सांगितलं असेल तिने. पण ऐकेल तर ना! काहीतरी घोळ करून बसली."

सुषमा रिकामी पाकिटं पिशवीत भरत राहिली. डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहिलं. दवाखान्यात सहाव्या दिवशी धुरपदाबाई गेली. दहाव्याला, तेराव्याला, जो येईल तो तेच म्हणायचा: लेक एवढी शिकलेली, आणि दिव्याखाली अंधार. सुषमा पाणी द्यायची, खाली बघायची. तोवर खातं पुन्हा सुरू झालं होतं आणि फळीवरची भांडी वाजत होती.

जानेवारीत वर्गात औषध देण्याचा धडा आला. सुषमाने गुजरातीत सुरुवात केली. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मग रुग्णाला परत सांगायला लावा, त्याने नीट सांगितलं की समजा, कळलं.

बोलता बोलता ती थांबली. आईने नीट सांगितलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

तिने फळ्यावर नाव न घेता ती गोष्ट मांडली. आठवड्याची गोळी, बंद खातं, वेकेशन.

"कोणाची चूक?"

"पेशंटची, मॅडम," पहिल्या बाकावरची वर्षा म्हणाली. तिचे वडील लिंबायतला मागावरच कामाला होते. "एवढं पण समजत नाही का? रोज रोज गोळी खात बसली, चॉकलेट आहे का?"

मुली खिदळल्या.

"माझी आजी पण तसलीच, मॅडम," वर्षा पुढे म्हणाली. "सांगा एक, करते एक."

"तिने सांगितलं तेच केलं," सुषमा म्हणाली. आपण मराठीत बोलतोय, हे तिला कळलंही नाही. मागच्या बाकांवरच्या गुजराती मुली एकमेकींकडे बघू लागल्या. वर्षाचं हसू मावळलं.

टेबलावर सरावाचा रबरी हात पालथा पडला होता. त्याची बोटं सरळ होती. सुषमाने तो उताणा केला, पुन्हा पालथा केला. आता सांगून कोणाचं काय भलं होणार होतं? हेमराजला पटणार नव्हतं. कागदावरचं बदलणार नव्हतं. आई तर ऐकायलाही नव्हती.

"ती माझी आई होती," ती म्हणाली. "खातं बंद असेल तेव्हा गोळी घे, हे तिला मी सांगितलं होतं. वेकेशन लागतंय हे तिने मला आदल्या दिवशी सांगितलं, आणि मी म्हटलं, बरं झालं. ती काहीच चुकली नाही. मी चुकले. आणि सगळे तिला अडाणी म्हणत होते, तेव्हा मी गप्प बसले."