बिज्याची दमणी

मैनाबाईने दुसरी घागर नव्या दमणीच्या बैठकीवर उपडी केली, तेव्हा गोवर्धन सुतार हातातली पटाशी टाकून धावला.

“वयनी, पुरे करा! बिजा आहे तो, पक्कं लाकूड. वाळवी त्याले शिवत नाही, ओझ्यानं वाकत नाही; पन ओला असला तं हळदीवानी रंग सोडते. मालकाले म्हटलं होतं मी, पाडव्यापावतर सावलीत वाळू द्या.”

“नवी गाडी धुतल्याबिगर, कुंकू लावल्याबिगर वेशीबाहेर जाते काय?” मैनाबाई म्हणाली आणि तिने कुंकवाचे बोट चाकाला टेकवले.

मैनाबाईच्या नवऱ्याला, खुशालरावांना, सुताराची ही भुणभुण नवी नव्हती. दूरदेशी कुठेशी लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. आणि ज्याच्या घरी सोने चालत येते त्याने लाकूड वाळण्याची वाट पाहत बसावे, हे त्यांना शोभेसे वाटत नव्हते. पिवळसर अंगावर तपकिरी रेघा वाहणारे ते लाकूड त्यांनी मेळघाटातून मुद्दाम आणवले होते. त्या रेघा लोकांना दिसाव्यात म्हणून बैठकीवर गादीही अंथरू दिली नव्हती. बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या होत्या.

आज मुलासाठी, चंद्रभानासाठी, वलगावच्या किसनरावांची वच्छला मागायची होती. पोराने तिला जत्रेत पाहिल्यापासून त्याचे चित्त औतावर नव्हते. पण किसनराव चारचौघांत बोलून चुकले होते, की कापसाची धुंदी चढलेल्या घरी मी पोरगी देणार नाही. अशा माणसाला दमणीनेच गप्प करावे, असा खुशालरावांचा बेत होता.

मैनाबाई बगलेत जुनी घोंगडी घेऊन चढली.

“चांदीच्या गाडीत हे घोंगडं काहून वं?” खुशालरावांनी विचारले.

“थंडी वाजते मले.”

चंद्रभानाने कासरा हाती घेतला आणि दमणी निघाली.

वलगावात किसनरावांच्या अंगणात माणसे जमलीच होती. खुशालराव संथपणे उतरले, उपरणे सावरले आणि शेंब्या सर्वांना नीट दिसाव्यात म्हणून बैलांकडे वळले. त्यांची पाठ अंगणाकडे झाली. त्याच क्षणी दाराआडून एक हसू फुटले, दाबले गेले आणि पुन्हा फुटले.

किसनरावांच्या कपाळाला आठी होती. ते सावकाश खुशालरावांभोवती एक फेरी मारून आले.

“राजेहो,” ते म्हणाले, “सोयरीक ठरली नाही अन् तुमी तं हळद लावून आले!”

खुशालरावांनी मान वळवून पाहिले. पांढऱ्याशुभ्र अंगरख्याचा पाठीमागचा घेर आणि धोतराचा मागचा सोगा पिवळाजर्द झाला होता. समोर बैलांपाशी चंद्रभान तशाच धोतराने, मान खाली घालून उभा होता. त्याचे खांदे मात्र हसण्याने हलत होते. खुशालरावांच्या नाकपुड्या फुगल्या, मिशी थरथरली. आणि मग आधी पोट हलले, नंतर आवाज फुटला. इतके मोठे ते कित्येक दिवसांत हसले नव्हते.

“बिज्यानं लावली हळद, इवाई! आता धुतल्यानं जाची नाही ते.”

‘व्याही’ ही हाक ऐकताच किसनरावांच्या कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली. त्यांनी स्वतः खाट ओढून पुढे केली.

“बसा. आमच्या खाटेले रंग लागला तं लागो. अबे, गूळपानी आना रे, इवाई म्हनून राहिले मले!”

ऊन डोक्यावर येण्याआधीच सुपारी फुटली.

परतताना मैनाबाई आधी चढली. तिने आपल्या जागची घोंगडी उचलून झटकली. खालची बाजू पिवळी होती. तिच्या नव्या लुगड्यावर मात्र एक ठिपका नव्हता. खुशालराव घोंगडीकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे.

“थंडी वाजून राहिली होती म्हने?”

“आता ऊन आहे,” ती म्हणाली आणि घोंगडीची अर्धी घडी तिने त्यांच्या बाजूला सरकवली.