सुतकातला नमस्कार

शमिकाचं जावळ काढलं त्या वर्षीची ही गोष्ट. साल १९९४. जावळासाठी सगळं घर बंगळूरहून संडूरला गेलं होतं. हणमंतरावांचे थोरले भाऊ रघुजी तिथं राहत. जेवणं आटोपली, पान जमलं, आणि रघुजींनी सगळ्यांदेखत विषय काढला.

"हणम्या, तुझी सून पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणते. तू म्हणे तोंड फुगवून बसलायस."

"अण्णा, मागच्या खेपेला बसणार होती, तर ऐन वेळी ही जन्मली." हणमंतरावांनी नातीकडं बोट दाखवलं. "आता घर आहे, लेकरू आहे. पुस्तकं कशाला?"

"लेकरू काय पुस्तकं खाणार आहे? बसू दे की. तुझं नाक काय तुझ्याच कात्रीनं कापलं जाणार आहे?"

बायका पदराआड हसल्या. हणमंतराव शिंपी माणूस, बंगळूरच्या शिवाजीनगरात लष्करी गणवेश शिवायचं त्यांचं दुकान. कात्रीवरचा विनोद त्यांना लागला. पण थोरल्या भावाचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. वडील गेले तेव्हा हणमंतराव दहा वर्षांचे होते. रघुजींनीच त्यांना बंगळूरला आणून शिंप्याच्या हाताखाली बसवलं होतं, त्यांचं लग्नही त्यांनीच लावून दिलं होतं.

"बसू दे," हणमंतराव म्हणाले. "पण हे एकदाच. या वेळी जमलं नाही तर पुस्तकं रद्दीत. मग माझ्यापाशी कुणी भुणभुण करायची नाही."

दाराआडून कस्तुरीनं मान हलवली.

कस्तुरीची शाळा सातवीतच सुटली होती. दहावी नाही, बारावी नाही, आणि विद्यापीठात जायची हौस मात्र मोठी. अशा लोकांसाठी मुक्त विद्यापीठानं एक प्राथमिक अभ्यासक्रम ठेवला होता. थोडी कला, थोडं विज्ञान. त्याचं प्रमाणपत्र मिळालं की बी.ए.ला नाव घालता येई. वर्ग रविवारी भरत. बस कंडक्टर, शिपाई, नर्सबाई, एक पंचावन्न वर्षांचे भटजी, असे सगळे एका बाकावर बसत. कस्तुरीचा नवरा रत्नाकर कारखान्याच्या कामासाठी नाशिकला होता. तिचं नाव त्यानंच घातलं होतं, पण घरात वडिलांपुढं बोलायची वेळ आली की तो नाशिकलाच असे.

धडे कन्नडमधून होते, आणि कस्तुरीला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही लक्षात राहत नसे. दुपारी हणमंतराव जेवायला घरी येत आणि जरा लवंडत. पलीकडच्या खोलीत ती शमिकाला मांडीवर घेऊन वाचत बसे. समुद्राचं पाणी खारं का, ग्रहण कसं लागतं, जुन्या काळी नद्यांच्या काठी माणसं कशी वसली. पहिले काही दिवस हणमंतरावांनी कूस बदलली. मग कूस बदलणं थांबलं. एकदा ती मधेच उठून चुलीकडं गेली, तर आतून आवाज आला, "मग त्या चंद्राचं काय झालं?"

कस्तुरी हसू दाबत म्हणाली, "सावलीत गेला, मामंजी."

"हं," एवढंच ते म्हणाले. पण त्यानंतर दुकान उघडायला रोज उशीर होऊ लागला. गिऱ्हाईकं कुरकुरली तरी त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही.

परीक्षा जूनच्या पहिल्या रविवारी होती. एकाच दिवशी दोन्ही पेपर, सकाळी एक, दुपारी एक. त्या दिवशी सकाळी हणमंतराव दूध आणायला देवाप्पाच्या दुकानात गेले. गल्लीत फोन तिथंच होता. गल्लीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना अण्णा म्हणणाऱ्या देवाप्पानं त्यांना पाहिलं आणि रिसीव्हर उचलून धरला.

"या, या, अण्णा. तुमचाच आहे. संडूर. आत्ता पोराला तुमच्याकडं धाडत होतो."

फोनवर रघुजींचा मुलगा उमाजी होता. त्याला बोलवत नव्हतं.

"काका, बाबा गेले. पहाटे. छातीत दुखतंय म्हणाले, पाणी मागितलं, तेवढंच."

हणमंतरावांनी दुधाची पिशवी काउंटरवर ठेवली.

"काका, ऐकताय ना? तुम्ही आल्याशिवाय उचलणार नाही. सगळ्यांना घेऊन निघा. दिवस मावळायच्या आत पोचा."

"सगळ्यांना" हा शब्द हणमंतरावांच्या कानात अडकून राहिला. सगळी म्हणजे बायको अंबाक्का, सून, नात. सांगितलं की अंबाक्का हंबरडा फोडणार, गल्ली जमणार, आणि तासाभरात सगळं घर बसमध्ये असणार. सुनेला मागं ठेवलं तर भावकी आयुष्यभर बोलेल. आणि कस्तुरी स्वतःच राहायची नाही. सुतकात परीक्षा देणारी पोर ती नव्हे. पुस्तकं रद्दीत जाणार, तीही त्यांच्याच शब्दानं.

पण सुतक कळल्यापासून लागतं. न कळलेल्याला ते लागत नाही. हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"देवाप्पा," ते म्हणाले, "माझा भाऊ गेला."

"अय्यो, अण्णा!"

"हळू. माझ्या सुनेची परीक्षा आहे. संध्याकाळी ती परत आली की तू घरी जा आणि अक्काला सांग. तोवर तुझ्या तोंडातून शब्द निघता कामा नये."

देवाप्पानं रिसीव्हर जागेवर ठेवला. मग म्हणाला, "सरी अण्णा, नाही बोलत. दूध मी पाठवतो. तुम्ही स्वल्प बसा तरी."

ते बसले नाहीत.

घरी कस्तुरी न्हाऊन तयार होती. अंबाक्का शमिकाला भरवत होत्या.

"दूध कुठंय?"

"देवाप्पा पाठवतोय. संडूरचा फोन होता. अण्णाला बरं नाही. मी जाऊन येतो."

"काय झालंय?"

"छातीत दुखतंय."

"मग मी पण येते."

"पोरीला कोण सांभाळणार? हिचा पेपर आहे."

"भावापेक्षा पेपर मोठा झाला होय!" अंबाक्का करवादल्या. "काल-परवापर्यंत पुस्तक दिसलं की नाक मुरडत होतात." बोलता बोलता त्या उठल्या आणि रव्याच्या लाडवांचा डबा काढून त्यांच्या पिशवीत कोंबला. "भाऊजींना आवडतात. म्हणावं, आजारी माणसानं एकच खावा. आणि उमाजीच्या पोरांपासून लपवून ठेवा."

हणमंतराव पिशवीकडं बघत राहिले.

"देवापुढं दिवा लावायचाय," अंबाक्का म्हणाल्या. "लावा आणि निघा."

"आज तू लाव. मला घाई आहे."

तेवढ्यात कस्तुरी पुढं आली. पदर खांद्यावरून घेतला होता, हातात हॉल तिकीट होतं. ते तिनं कोनाड्यात ठेवलं आणि वाकली.

"मामंजी, येते."

तिचा हात पायाला लागणार एवढ्यात हणमंतरावांनी दोन्ही पाय झटक्यानं मागं ओढले. विस्तवावर पडल्यासारखे.

विचार करून केलं नव्हतं. वडील गेले तेव्हा रघुजींनी धाकट्या भावाला जवळ बसवून सांगितलं होतं, हणम्या, सुतकात कुणाला पाया पडू द्यायचं नाही, त्या वेळचा आशीर्वाद उलटा लागतो. ते हाडात बसलं होतं.

कस्तुरी वाकलेली तशीच राहिली. मग हळूच उभी राहिली. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता.

"तुमच्या मनात नव्हतंच ना," ती म्हणाली. "मी नाही जात."

"जा म्हटलं ना मी!"

"तोंडानं म्हटलंत. पाय काढून घेतलेत." तिचे डोळे भरून आले. तिनं कोनाड्यातलं हॉल तिकीट उचललं आणि पुस्तकाच्या आत सारलं. "घरातल्या मोठ्या माणसाचा आशीर्वाद नाही, तिथं लिहिणार काय मी? आत्याबाई, तुम्ही मामंजींबरोबर जा. मी शमिकाला बघते."

"अहो, पोरगी पाया पडत होती," अंबाक्का म्हणाल्या. "एवढं काय अंगात आलं तुमच्या?"

हणमंतराव मधोमध उभे होते. खरं सांगितलं तर ती जाणार नाही. नाही सांगितलं तर ती जाणार नाही. आणि डोक्यावर हात ठेवला, आणि तो उलटा लागला तर? दोन वेळा तोंडाशी आलेला घास. आज पेपर कोरा राहिला तर तो आपल्या हातानं कोरा राहिला, असं जन्मभर वाटत राहील. बसची वेळ होत होती. तिकडं अण्णा अंगणात थांबला होता.

"शेणात पाय भरलाय माझा," ते एकदम म्हणाले. "देवाप्पाच्या दारात. घाणेरडा पाय कुठं धरतेस? थांब, धुऊन येतो."

ते मोरीत गेले. हंड्यातलं थंड पाणी घेतलं आणि पायावर न घालता डोक्यावर घातलं. धोतर-सदऱ्यासकट. एक तांब्या, आणखी एक, आणखी एक. मेल्याची बातमी ऐकल्यावर करायची अंघोळ त्यांनी करून घेतली. पाण्याबरोबर थोडं रडूनही घेतलं. मनात म्हणाले, अण्णा, तुझाच नियम मोडतोय. उलटं लागायचं असेल तर मला लागू दे, पोरीला नको.

निथळत बाहेर आले. "ये आता."

कस्तुरीनं डोळे पुसले, वाकली आणि त्यांच्या ओल्या पायांवर डोकं टेकलं. हणमंतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"नीट लिही," ते म्हणाले. "घाई करू नकोस. ते ग्रहणाचं आलं तर सगळं लिही."

"बरं, मामंजी." ती हसली. हॉल तिकीट पुन्हा बाहेर निघालं.

अंबाक्का एकटक नवऱ्याकडं बघत होत्या. शेणात भरलेला पाय धुवायला कुणी डोक्यावरून पाणी घेत नाही. आणि नेसत्या कपड्यांनिशी अंघोळ माणूस कधी करतो, हे त्या जाणून होत्या. त्यांचा हात तोंडापर्यंत गेला. क्षणभर वाटलं, आता हंबरडा फुटणार. हणमंतरावांनी फक्त मान हलवली, नको म्हणून.

अंबाक्कांनी हात खाली घेतला. "जा गं, बस चुकेल," त्या सुनेला म्हणाल्या. आवाज थोडा चिरकला. "दही घेतलंस का हातावर? घे. आणि मागं वळून बघू नकोस."

कस्तुरी गल्लीच्या वळणापलीकडं दिसेनाशी झाल्यावर त्या आत आल्या. पिशवीतला लाडवांचा डबा काढून फळीवर ठेवला, कारण मयताच्या घरी गोड नेत नाहीत. कोरडं धोतर नवऱ्याच्या हातात दिलं.

"मला तोंड बघायला मिळायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"माझ्या वाटणीचं तुम्ही बघा." मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, शमिकाला छातीशी घेतलं आणि आवाज न करता रडल्या.

हणमंतराव संडूरला पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. अंगणात सगळी भावकी बसली होती. ते एकटेच उतरलेले बघून कुजबुज झाली. उमाजीनं विचारलं, "काका, बाकीचे?"

"सुनेची परीक्षा आहे."

"काय आहे?" एक म्हातारा कानामागं हात धरून म्हणाला.

"परीक्षा आहे!" हणमंतराव मोठ्यानं म्हणाले. मग भावापाशी बसून त्यांनी त्याचं तोंड बघितलं, आधी स्वतःसाठी, मग अंबाक्कासाठी.

कस्तुरी संध्याकाळी परतली. अंबाक्कांनी तिला आधी पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघी लेकराला घेऊन संडूरला गेल्या. तिथल्या बायका दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. अंबाक्कांनी ते मुकाट्यानं सोसलं, सुनेवर मात्र एक शब्द येऊ दिला नाही. निकाल लागला, कस्तुरी दोन्ही विषयांत पास झाली, आणि त्याच वर्षी तिनं बी.ए.ला नाव घातलं.

हणमंतरावांचे थोरले भाऊ रघुजी रविवारी, ५ जून १९९४ रोजी पहाटे, संडूरला स्वतःच्या घरी वारले.