कॅमेरा बंद असताना

बघायला आलेल्या मुलाने तोंड उघडलं आणि मी हबकलेच. आमच्या छायाताईसाठी डोणगावहून मंडळी धामणगाव बढ्याला आली होती. स्थळ आणणारे गुलाबरावकाका म्हणाले, "गजेंद्र, रस्ता कसा होता?" तो म्हणाला, "बरा होता. म्हणजे... तसा बराच म्हणा."

हा आवाज मी दर मंगळवारी कानात इअरफोन घालून ऐकत होते.

दिवाळीपासून मी मोबाइलवर एका ग्रुपात बसते. मनाने खचलेली माझ्यासारखी पोरं-पोरी आणि एक समुपदेशक मॅडम. कॅमेरा बंद, नावं खोटी, इथलं बोलणं इथंच ठेवायचं. घरी मी इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे असं ठोकून दिलंय. आईला कोण कौतुक, प्राची दार लावून अभ्यास करते! त्या ग्रुपात हा 'सागवान' होता. दोन वर्षांमागे त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, वाचला, गोळ्या अजून चालू. मागच्याच मंगळवारी त्याने विचारलं होतं, घरचे मुली पाहतायत, मुलीला सांगू का? मॅडम काही बोलायच्या आत मीच सांगून मोकळी, "सांगू नोका. सांगतलं तर कोण देईन पोरगी?" उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता तोच आमच्या दिवाणावर बसून चिवडा खात होता. काका सांगत होते, "पोरगं लय हसतमुख. सोताचं कृषी केंद्र हाय. सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही." ताई गालात हसली. तिला मुलगा आवडला होता. लहानपणापासून एका अंथरुणात झोपतो आम्ही, तिचं हसू मला कळतं.

रीतीप्रमाणे दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, आणि रीतीप्रमाणेच सोबतीला धाकटी बहीण म्हणून मला. मी तोंडाला कुलूप लावलं. त्याने विश्वासाने सांगितलेलं मी कोणत्या तोंडाने फोडणार होते? शिवाय मी बोलले तर तोही मला ओळखणार, आणि माझंही बिंग फुटणार.

ताईने दुकानाचं विचारलं, शेतीचं विचारलं. मग म्हणाली, "माह्या आतला एक दात पडेल आहे. अन् थायरॉईडची गोळी घेतो मी. आधीच सांगतलेलं बरं. तुमचं काही?"

"म्हणजे... माझं काही नाही," तो म्हणाला.

माझाच सल्ला. माझ्या सख्ख्या बहिणीला.

"मी सांगू नोका म्हणलं होतं," माझ्या तोंडून निघून गेलं, "ते दुसऱ्याच्या बहिणीसाठी म्हणलं होतं."

बोलले आणि स्वतःचीच शिसारी आली. गजेंद्र पांढराफटक पडला. त्याने कठडा धरला. "चिमणी?" एवढंच म्हणाला. ग्रुपातलं माझं नाव.

"कोण चिमणी?" ताई म्हणाली. "तू कशी ओळखतं यांले?"

मग त्यानेच सांगितलं. खाली बघत, न थांबता. काय केलं होतं ते, दवाखाना, गोळ्या, मंगळवार. "तुमची बहीण तिथंच असते," म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

मला वाटलं, ताई आता रडेल, नाहीतर धावत खाली जाईल. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिने माझं मनगट पकडलं होतं, दुखेल इतकं.

"यांचं समजलं," ती म्हणाली. "तू काऊन गेली तिथं?"

"परीक्षेचं नाव काढलं की श्वास अडकते, ताई," मी म्हटलं. "कधी कधी वाटते, सकाळी उठूच नाही."

ताई तापल्या गच्चीवर मटकन बसली.

"माह्या बाजूले झोपतं तू," ती म्हणाली. "रोज."

खालून आईने विचारलं, झालं का बोलणं? गजेंद्र जिन्याच्या तोंडाशी तसाच उभा होता.

"खाली त्याइले म्हणा, वेळ आहे अजून," ताई त्याला म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. "अन् तुम्ही इथंच बसा. आधी हिचं ऐकू द्या मले. तुमचं मंग पाहू."